मुठीत मावणारं शस्त्र : सैनिकी पिस्तुलाची पाचशे वर्षं

आजचा विषय ऐकून काही मंडळींनी आम्हाला विचारलं की तत्त्वज्ञानाच्या माणसानं पिस्तुलावर का बोलावं? प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, बंदुका नाही. पण माणूस जी साधनं घडवतो त्यांत त्याचे विचार गोठलेले असतात, हे शिकवतानाच आमच्या लक्षात आलं. नांगर बघितला की शेतीचा विचार दिसतो, घड्याळ बघितलं की वेळेचा. पिस्तूल बघितलं की काय दिसतं, एवढंच आज आपल्याला पाहायचं आहे.

सुरुवातीलाच एक विसंगती सांगून ठेवतो. लढाया पिस्तुलानं जिंकल्या गेल्या असं क्वचितच दिसतं. लढाई जिंकतात तोफा, रायफली, रसद आणि माणसं. सैन्याच्या हिशेबात पिस्तूल हे कायम दुय्यम शस्त्र राहिलं. आणि तरीही जगाच्या इतिहासाला वळण देणाऱ्या कितीतरी घटनांत हेच दुय्यम शस्त्र हजर आहे. असं का झालं? या प्रश्नाचा धागा धरून आपण पाचशे वर्षं चालणार आहोत.

आधी थोडं शब्दांबद्दल. 'पिस्तूल' आणि 'काडतूस' हे दोन्ही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आले असं मानतात. पण त्याआधीची बंदूक आपल्या भाषेत चांगली मुरलेली होती. तोडा, रंजक, चकमक, ठासणी, गज, चाप, घोडा हे सगळे शब्द आपलेच वाटतात. तोडा म्हणजे जळती वात. तोड्याच्या बंदुकीत ती वात रंजकेला, म्हणजे कानाजवळच्या बारीक दारूला लावायची, की बार उडायचा. आता विचार करा, घोड्यावर बसलेल्या माणसाने हे कसं करावं? एका हातात लगाम, दुसऱ्या हातात बंदूक, आणि वात तर जळती ठेवायचीच. पावसात ती विझणार. रात्री तिचा लाल ठिपका शत्रूला दिसणार. तिचा वास येणार. म्हणजे तोड्याची बंदूक लपवता येत नाही आणि एका हाताने नीट चालवताही येत नाही.

ही अडचण सुटली सोळाव्या शतकाच्या आरंभी, युरोपात. जर्मन आणि इटालियन प्रदेशांत चाकाच्या चापाची बंदूक आली. यंत्र घड्याळासारखं होतं. पोलादी चाकाला स्प्रिंगने पीळ देऊन ठेवायचा. चाप ओढला की चाक गरकन फिरायचं, गारेसारख्या खनिजावर घासून ठिणग्या पाडायचं, आणि रंजक पेट घ्यायची. वातीची गरजच संपली. आता बंदूक भरून, पीळ देऊन, कमरेला लावून तासन्‌तास हिंडता येऊ लागलं.

इथे आपण थोडं थांबू. ॲरिस्टॉटलने सुप्त शक्ती आणि प्रत्यक्ष कृती असा भेद केला आहे. बी आणि झाड. तोड्याच्या बंदुकीत ही सुप्त शक्ती साठवून ठेवता येत नव्हती, कारण आग समोर धगधगत असायची. चाकाच्या चापाने पहिल्यांदा आग थांबवून ठेवली. मरण आता खिशात वाट बघू शकत होतं. हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना लगेच कळलं. सम्राट मॅक्सिमिलियनने १५१७-१८ च्या सुमारास आपल्या मुलखात अशा बंदुकांवर बंदी घातली. भीती शत्रूसैन्याची नव्हती. अंगरख्याखाली शस्त्र लपवून जवळ येणाऱ्या माणसाची होती. ती खरी ठरायला फार दिवस लागले नाहीत. १५८४ साली डेल्फ्ट गावात, डच बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याला त्याच्याच घरात एका माणसाने पिस्तुलाने ठार केलं. म्हणजे पिस्तूल सैन्यात रुळत होतं त्याच काळात त्याचा दुसरा धंदाही सुरू झाला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

सैन्यात काय झालं? 'रायटर' नावाचे जर्मन घोडेस्वार दोन-दोन, तीन-तीन पिस्तुलं घेऊन लढू लागले. एक रांग शत्रूजवळ जायची, बार काढायची, वळून मागे जायची, मग दुसरी रांग. दिसायला सुरेख. पण अडचण अशी की पिस्तुलाचा नेम जेमतेम काही पावलांपर्यंत लागे, आणि तेवढं जवळ जायला धैर्य लागतं. भिणारा स्वार लांबूनच बार उडवून वळायचा. म्हणून सतराव्या शतकात स्वीडनचा राजा गुस्टाव्ह ॲडॉल्फ याने आपल्या स्वारांना थोडा बार काढून थेट तलवारीने भिडायची शिस्त लावली. पुढे चकमकीचा चाप आला. तो चाकाच्या चापापेक्षा साधा आणि स्वस्त होता, त्यामुळे खोगिराच्या दोन बाजूंना दोन पिस्तुलं ही घोडदळाची रीतच झाली. पण एका पिस्तुलात एकच बार. तो हुकला की हातात उरायचा लाकूड-लोखंडाचा सोटा. ठासणीचं पिस्तूल धावत्या घोड्यावर पुन्हा भरणं म्हणजे धावत्या गाडीत सुईत दोरा ओवण्यासारखं. म्हणून जवळपास तीनशे वर्षं पिस्तूल हे तलवारीचं धाकटं भावंडच राहिलं.

मग एकोणिसावं शतक उजाडलं आणि तीन गोष्टी पाठोपाठ घडल्या. पहिली, अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं. त्यातून तांब्याची चिमुकली टोपी आली. चकमक गेली, पावसाची भीती गेली. दुसरी, सॅम्युएल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचं, म्हणजे रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं. तिसरी गोष्ट धातूच्या काडतुसाची. तिच्याकडे नंतर येऊ.

कोल्टची गोष्ट मोठी शिकवणारी आहे. त्याचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बुडाला. सैन्याला त्याच्या वस्तूत फारसा रस नव्हता. पण त्याची काही रिव्हॉल्व्हरं टेक्सासच्या रेंजर दलाकडे गेली होती. १८४४ मध्ये वॉकर्स क्रीकजवळ पंधरा-सोळा रेंजर आणि त्यांच्या कितीतरी पट कोमांची योद्धे यांची गाठ पडली. आतापर्यंतचा अनुभव असा होता की गोरा माणूस एक बार काढून पुन्हा बंदूक भरेपर्यंत कोमांची स्वार बाणांचा पाऊस पाडायचा. त्या दिवशी बार थांबेचनात. कोमांचींची युद्धकला हजारो मैलांवरच्या कारखान्यातल्या एका चक्राने निकामी केली. त्या लढाईत जखमी झालेला सॅम्युएल वॉकर पुढे कोल्टला भेटला, सुधारणा सुचवल्या आणि १८४७ मध्ये सरकारकडून एक हजार रिव्हॉल्व्हरांची मागणी आली. वजन जवळजवळ दोन किलो! कोल्टचा धंदा उभा राहिला. वॉकर मात्र त्याच वर्षी मेक्सिकोच्या युद्धात मारला गेला. आणि कोमांचींची भूमी? ती पुढच्या तीस वर्षांत गेली. रिव्हॉल्व्हरच्या कौतुकाच्या पुस्तकांत हा हिशेब सहसा तळटीपेत असतो. तो मजकुरात हवा.

१८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्टने आपला माल मांडला, आणि तिथेच त्याला प्रतिस्पर्धी भेटला, रॉबर्ट ॲडम्स. दोघांतला फरक बघण्यासारखा आहे. कोल्टच्या पिस्तुलात दर वेळी अंगठ्याने घोडा चढवायचा, मग चाप ओढायचा. ॲडम्सच्या पिस्तुलात नुसता चाप ओढला की घोडा चढतो आणि पडतोही. कोल्टवाले म्हणत, आमचा नेम चांगला. ॲडम्सवाले म्हणत, अंगावर आलेला माणूस नेम धरायला वेळ देतो का? १८५६ च्या सुमारास ब्रिटिशांनी दोन्ही तऱ्हा एकत्र असलेलं बोमाँट-ॲडम्स स्वीकारलं. पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, हिंदुस्थानात उठाव झाला. तेव्हा कितीतरी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर होतं, आणि समोरच्या शिपायाच्या हातात बहुधा ठासणीची बंदूक आणि तलवार.

या विषमतेला पुढे कायद्याचं रूप आलं. लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ चा हत्यारांचा कायदा झाला. परवान्याशिवाय हत्यार बाळगायचं नाही, आणि त्यातून सवलत कोणाला, तर मुख्यतः युरोपीय मंडळींना. आपल्याकडे पिस्तूल दिसेनासं झालं ते इथून. वस्तू जितकी दुर्मीळ, तितकं तिच्याभोवतीचं वलय मोठं. हे पुढे महाराष्ट्राच्या इतिहासातही दिसतं.

आता तिसरी गोष्ट, काडतूस. गोळी, दारू आणि पेटवणारं रसायन हे तिन्ही एका धातूच्या नळकांड्यात बंद झालं. अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी १८५७ पासून असं छोटं रिव्हॉल्व्हर विकायला काढलं. १८७३ मध्ये अमेरिकी सैन्याने धातूच्या काडतुसाचं कोल्ट घेतलं. ब्रिटिशांनी १८८७ मध्ये वेब्ली स्वीकारलं. ते मधोमध मोडून उघडायचं आणि सगळी रिकामी काडतुसं एका झटक्यात बाहेर टाकायचं. साम्राज्याच्या अधिकाऱ्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा, त्याच्या पट्ट्यात वेब्ली असतंच.

याच काळात एक फार अस्वस्थ करणारी चर्चा सुरू झाली. गोळी लागल्यावर माणूस थांबतो का? मरतो का हा प्रश्न नव्हे, थांबतो का. कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात शरीरात गेल्यावर पसरणारी रायफलीची गोळी निघाली. वेब्लीसाठी १८९८ मध्ये पुढून खोलगट गोळी आली. तिचं नावच होतं 'माणूस थांबवणारी'. १८९९ मध्ये हेगच्या परिषदेत अशा गोळ्यांवर बंदी घालण्याचा ठराव झाला. ब्रिटनने तेव्हा विरोध केला. त्यांच्या प्रतिनिधीचा युक्तिवाद थोडक्यात असा होता की सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की मागे फिरतो, पण रानटी माणूस गोळी लागूनही धावून येतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी. मित्रहो, हा 'रानटी माणूस' म्हणजे आपल्यासारख्यांचे पूर्वज. वायव्य सरहद्दीवरचे पठाण, सुदानचे योद्धे. नीतिशास्त्रात आपण विचारतो की नियम सर्वांना सारखा का असावा. त्याचं उत्तर या एका उदाहरणात आहे. ज्याला नियमातून वगळता येतं, त्याला आधी माणसांतून वगळावं लागतं. ती गोळी मागे घेतली गेली आणि ब्रिटनने १९०७ मध्ये तो जाहीरनामा मान्य केला.

पण या वादाची दुसरी आवृत्ती अमेरिकेत निघाली. फिलिपाइन्समध्ये मोरो योद्ध्यांशी लढताना .३८ रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या खाऊनही माणसं अंगावर येतात, अशी तक्रार झाली. मग १९०४ मध्ये थॉम्पसन आणि सैन्यातले डॉक्टर लागार्ड यांनी प्रयोग केले. शिकागोच्या कत्तलखान्यातल्या जिवंत गुरांवर आणि माणसांच्या प्रेतांवर. निष्कर्ष निघाला की गोळी .४५ पेक्षा लहान नको. त्या प्रयोगांचं शास्त्र किती पक्कं यावर आजही वाद आहेत. पण परिणाम पक्का झाला, तो म्हणजे १९११ चं कोल्ट.

त्याआधी स्वयंचलित पिस्तुलाबद्दल बोलायला हवं. धूर न करणारी दारू आली, आणि बार उडाल्यावर मागे येणारा धक्का वापरून यंत्र स्वतःच रिकामं काडतूस फेकेल आणि नवं भरेल, ही कल्पना शक्य झाली. १८९३ मध्ये बोर्शार्टचं, १८९६ मध्ये माउझरचं पिस्तूल आलं. माउझरची एक गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. १८९६ मध्ये विन्स्टन चर्चिल नावाचा तरुण अधिकारी ससून डॉकवर उतरताना होडीतून भिंतीतली लोखंडी कडी धरायला गेला, लाटेने होडी खाली गेली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. तो खांदा पुढे जन्मभर दगा देत राहिला. दोन वर्षांनी, २ सप्टेंबर १८९८ रोजी, सुदानमध्ये ओमदुर्मानला घोडदळाचा हल्ला झाला तेव्हा भालेवाल्या पलटणीतल्या चर्चिलने खांद्यामुळे तलवार म्यानात ठेवली आणि माउझर काढलं. त्या गर्दीतून तो वाचला. यावरून 'ससून डॉकने जगाचा इतिहास बदलला' असं आम्ही म्हणणार नाही. पण तलवारीकडून पिस्तुलाकडे झालेला प्रवास एका माणसाच्या खांद्यात बघायला मिळतो, हे खरं.

या प्रवासाचा सगळ्यात मोठा कारागीर म्हणजे जॉन मोझेस ब्राउनिंग. यूटातल्या ऑग्डेन गावचा, बापही बंदुका घडवणारा. त्याचं पिस्तूल बेल्जियमच्या सैन्याने १९०० मध्ये घेतलं. त्याचंच .४५ पिस्तूल अमेरिकी सैन्याने मार्च १९११ मध्ये घेतलं, सहा हजार गोळ्या न अडखळता झाडून दाखवल्यावर. ते १९८५ पर्यंत अमेरिकी सैन्याचं मुख्य पिस्तूल राहिलं. जर्मनांनी १९०८ मध्ये ल्यूगर घेतलं. त्याच्या नऊ मिलिमीटर काडतुसाचं नाव 'पॅराबेलम', म्हणजे लॅटिनमध्ये 'युद्धाची तयारी कर'. हे अर्धंच वाक्य आहे. पूर्ण वाक्य 'शांती हवी असेल तर युद्धाची तयारी कर' असं आहे. काडतुसावर शांतीचा भाग राहिला नाही, तयारीचा राहिला.

आता मघाचा धागा. हे शस्त्र सैन्यात नेमकं कोणाकडे असायचं? अधिकाऱ्याकडे. रशियन सैन्याच्या १८९५ च्या नागान रिव्हॉल्व्हरचे दोन प्रकार होते. अधिकाऱ्याच्या नागानमध्ये नुसता चाप ओढून बार निघायचा, साध्या शिपायाच्या नागानमध्ये दर वेळी घोडा हाताने चढवावा लागायचा. एकच कारखाना, एकच गोळी. पण वेगाने मारण्याचा विश्वास अधिकाऱ्यावर, शिपायावर नाही. पिस्तूल हे अधिकाराचं चिन्ह होतं, आणि ते फक्त शत्रूसाठी नव्हतं. पळणाऱ्या आपल्याच माणसाला धाक दाखवायलाही होतं.

आणि जे अधिकाराचं चिन्ह असतं, ते अधिकाराला आव्हान देणाऱ्याला हवंसं वाटतं. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर पिस्तुलं झाडली. प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलमाचा तो सूड होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे याने कलेक्टर जॅक्सनला मारलं. हातात ब्राउनिंग होतं, सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन याच्या सामानातून धाडलेल्या वीस पिस्तुलांपैकी एक. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कोलकात्यात रॉडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी पन्नास माउझर आणि सेहेचाळीस हजार काडतुसं पळवली. आणि त्याच वर्षी, २८ जूनला, सारायेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपने ब्राउनिंगच्या आराखड्याच्या पिस्तुलातून दोन गोळ्या झाडल्या. त्यानंतर महायुद्ध पेटलं. महायुद्धाची कारणं त्या दोन गोळ्यांहून खोल होती, ती आपण मागच्या व्याख्यानांत पाहिली आहेत. पण कान्हेरे आणि प्रिन्सिप, दोघांनीही विशी गाठलेली नव्हती, हे विसरू नका.

सम्राट मॅक्सिमिलियनची भीती ती हीच. रायफल चालवायला पलटण लागते, तोफ ओढायला बैल आणि रसद लागते. पिस्तुलाला एकटा माणूस पुरतो. म्हणून सैन्यात जे सगळ्यात कमी कामाचं, तेच सैन्याबाहेर सगळ्यात परिणामकारक ठरलं. सुरुवातीच्या विसंगतीचं उत्तर आम्हाला तरी इथे दिसतं.

आता तुम्ही विचाराल, परकी सत्तेवर झाडलेली गोळी आणि दुसरी गोळी एकाच मापाने मोजायची का? नाही. हेतू, परिस्थिती, जुलूम, सगळं वेगळं तोलावं लागतं. पण शस्त्राला हा भेद कळत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत, मूळ इटालियन सैन्यासाठी घडवलेल्या बेरेटा पिस्तुलातून तीन गोळ्या सुटल्या आणि प्रार्थनेला निघालेले गांधीजी गेले. समोर परकी सत्ता नव्हती, शस्त्रधारी कोणी नव्हता. न्यायासाठी उचललेलं साधन न्यायालाच बांधलेलं राहील, असा भरवसा साधन कधीच देत नाही. साधन आणि साध्य यांचं नातं गांधीजींनी जन्मभर सांगितलं, आणि त्याचा पुरावा त्यांच्या मृत्यूने द्यावा, यासारखी खिन्न गोष्ट नाही.

उरलेली कथा थोडक्यात. ब्राउनिंग १९२६ मध्ये वारला. त्याचं अपुरं काम बेल्जियमच्या दिउदोने सेव्हने पुरं केलं, आणि १९३५ मध्ये तेरा गोळ्यांचं 'हाय-पॉवर' आलं. दुसऱ्या महायुद्धात ते दोन्ही बाजूंनी वापरलं. आपल्या सैन्यातलं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल त्याच वंशाचं, बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनलेलं. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक घेतलं. गास्टन ग्लॉकने त्याआधी कधी पिस्तूल बनवलं नव्हतं. सांगाडा प्लास्टिकचा, गोळ्या सतरा, आणि बाहेर सुरक्षेचा खटका नाही. सुरक्षा सगळी आतल्या यंत्रात. अमेरिकेने १९८५ मध्ये बेरेटा आणि २०१७ मध्ये सिग सावर घेतलं. .४५ चा आग्रह मागे पडला आणि बहुतेक सैन्यं जुन्याच नऊ मिलिमीटरवर स्थिरावली.

आता सगळं एका ओळीत मांडून बघा. वात पेटवायची, मग बार. चाकाला पीळ द्यायचा, मग बार. दारू ठासायची, मग बार. घोडा चढवायचा, मग बार. खटका उघडायचा, मग बार. आणि शेवटी नुसता चाप. पाचशे वर्षांत बंदूककारांनी इच्छा आणि कृती यांच्यामधली एकेक पायरी काढून टाकली. कारागिरी म्हणून ती अचाट आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या प्रत्येक पायरीवर माणसाला क्षणभर थांबायला जागा होती. हात थरथरू शकत होता, वात विझू शकत होती, मन बदलू शकत होतं. यंत्राने तो अवकाश काढून घेतला. म्हणजे थांबण्याचं सगळं काम आता माणसाच्या मनावर येऊन पडलं आहे. ते मन तयार करणं हे कोणत्याही शस्त्रागाराचं काम नाही. ते घराचं, शाळेचं, कायद्याचं आणि अशा सभांचं काम आहे. सैनिकाच्या शिक्षणातही गोळी कशी झाडावी यापेक्षा केव्हा झाडू नये हे शिकवायला जास्त वेळ लागतो, आणि लागायलाच हवा.

आमचं बोलणं इथे थांबवतो. पुढच्या वेळी आपण हेगच्या दोन परिषदांकडे जरा सविस्तर बघू; आजच्या डमडमच्या गोष्टीचा उरलेला भाग तिथे येईल. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.